गार्ड मिळाला नाही: एका महिला बंदीच्या उपचाराचे प्रकरण आणि अभ्यागतांचे काम

पार्श्वभूमी

सोलापूर भागातील एका कारागृहाच्या महिला विभागात काही वर्षांपूर्वी घडलेले हे प्रकरण आहे. संबंधित महिलेची, तिच्या घरच्यांची आणि कर्मचाऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे, वर्ष आणि गुन्ह्याचा तपशील वगळला आहे; कारागृहाचे नावही मुद्दाम दिलेले नाही. प्रकरणातील कायदेशीर कामात माझा सहभाग होता आणि अशासकीय अभ्यागत, म्हणजे कारागृहाची पाहणी करणाऱ्या बाहेरच्या व्यक्ती, म्हणून काम करणाऱ्या बाईंनी ठेवलेली टिपणे मला पाहायला मिळाली. त्या दोहोंच्या आधारे हे लिहिले आहे.

बाहेरच्या माणसाने कारागृहात जाऊन पाहणी करावी, ही व्यवस्था आपल्याकडे नवी नाही. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ५९ ने अभ्यागत नेमण्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार शासनाला दिला आणि त्यातूनच अभ्यागत मंडळाची पद्धत चालत आली. न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस व आरोग्य खात्यांचे अधिकारी हे पदसिद्ध सदस्य आणि त्यांच्या जोडीला समाजातून नेमलेले अशासकीय सदस्य, अशी मंडळाची सर्वसाधारण रचना असते. सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा प्रकरणातील दुसऱ्या निकालात, १९७९ साली, जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांनी कारागृहांना भेटी द्याव्यात, बंद्यांना गाऱ्हाणे मांडण्याची खरीखुरी संधी द्यावी आणि तक्रारपेट्या ठेवून त्या उघडण्याची जबाबदारी घ्यावी, असे सांगितले. ते प्रकरण एका बंद्याने दुसऱ्या बंद्यावर होणाऱ्या छळाविषयी लिहिलेल्या पत्रातून उभे राहिले होते, हे मला येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. कारण ज्याला त्रास होतो तो स्वतः बोलू शकेलच असे नसते, आणि आपल्या प्रकरणातही तेच झाले.

व्यवहारात मात्र अशासकीय सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, नेमणुका झाल्याच तर ओळखपत्र वेळेवर मिळत नाही आणि बैठकांची तारीख पुढे जात राहते. ज्या शहराच्या चार सुपुत्रांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली आणि ज्या शहरात तो दिवस आजही पाळला जातो, त्या सोलापुरात तरी या कामासाठी माणसे पुढे यायला हवीत, असे मला मनापासून वाटते. या प्रकरणाच्या वेळी महिला विभागासाठी नियमित भेटी देणाऱ्या एकच अशासकीय अभ्यागत होत्या. त्या निवृत्त परिचारिका असल्याने आतल्या महिला त्यांना 'सिस्टर' म्हणत. पुढील मजकुरात मीही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे.

समस्या कशी पुढे आली

तक्रार कारागृहातून आली नाही, बाहेरून आली. शहराच्या पूर्व भागात राहणारी, घरी विड्या वळून घर चालवणारी एक तरुणी आईच्या मुलाखतीला, म्हणजे कारागृहात तिला भेटायला, जात असे. न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेली, ही आई पन्नाशीतली, अनेक वर्षे मधुमेहाची रुग्ण, मातृभाषा तेलुगू आणि मराठी कामापुरतीच येणारी. एका मुलाखतीत मुलीला आईच्या पायाला फाटक्या पातळाची चिंधी गुंडाळलेली दिसली. पुढच्या मुलाखतीत आई खुर्चीवरून उठताना जाळीला धरून उठली. मुलीने ओळखीतल्या एका विधी स्वयंसेविकेमार्फत सिस्टरांना गाठले आणि जे सांगितले ते टिपणात तिच्याच शब्दांत आहे: "ताई, आईचा पाय काळा पडायलाय. विचारलं की गार्ड नाही म्हणतात. तुम्ही लिहा, पण आईचं नाव नका घालू. आत तिलाच राहायचंय."

गार्ड म्हणजे बंद्याला बाहेर नेताना सोबत लागणारा पोलीस पहारा. तिच्या शेवटच्या वाक्याने पुढच्या सगळ्या निर्णयांना दिशा दिली. त्यातली भीती काल्पनिक नव्हती. कोणी मारहाण करील असे मुलीला वाटत नव्हते; पण मुलाखतीची वेळ कमी होणे, बराक बदलणे, कॅन्टीनच्या सामानाला उशीर लागणे, असे नोंदीत न येणारे कितीतरी मार्ग असतात आणि ते आतल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. बंद्यांना कसे वागवावे याविषयी संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी ५७ वा नियम तक्रार करणाऱ्याला सूडाच्या धोक्यापासून संरक्षण देण्याविषयी बोलतो तो याच कारणाने.

पहिली भेट आणि भाषेचा प्रश्न

सिस्टरांनी आपली नेहमीची भेट थोडी अलीकडे घेतली. एकाच महिलेला बोलावून घेतले तर तक्रारीचा माग लागेल, म्हणून त्यांनी मधुमेह आणि रक्तदाबाच्या सर्वच महिलांशी एकेक करून बोलण्याची विनंती केली आणि ती अधीक्षकांनी मान्य केली. महिला शिपाई दिसतील एवढ्या अंतरावर, पण बोलणे ऐकू येणार नाही अशा बेताने बसावे, हेही ठरवून घेतले.

अडचण आली ती भाषेची. महिला विभागात तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या महिला असत आणि मराठी नीट न येणाऱ्यांसाठी एखादी जुनी बंदी महिलाच मध्ये बोलत असे. त्या दिवशीही तशीच एक महिला मदतीला येऊन बसली. तिचे भाषांतर चांगले होते, पण रुग्ण महिला प्रत्येक प्रश्नाला "ठीक आहे, देतात औषध" एवढेच उत्तर देत राहिली. सिस्टरांनी तेव्हा प्रश्न विचारणे थांबवले, नर्सच्या सवयीने चिंधी सोडली आणि पाय पाहिला. अंगठ्याखाली तळव्याला जखम होती, कडा काळसर पडल्या होत्या, ड्रेसिंगचा कापूस वाळून जखमेला चिकटला होता आणि शेजारच्या बोटाला स्पर्श केलेला तिला कळत नव्हता. पुढच्या भेटीला त्या तेलुगू बोलणाऱ्या विधी स्वयंसेविकेला परवानगी काढून सोबत घेऊन गेल्या आणि तेव्हा तीच महिला बोलू लागली. मध्ये बोलणारी महिला वाईट नव्हती. पण तिच्याकडे बराकीतली कामे वाटून देण्याचे काम होते, आणि जिच्या मर्जीवर आपली झोपायची जागा ठरते तिच्यासमोर कोण मन मोकळे करील?

सोलापुरात तेलुगू किंवा कन्नड जाणणारा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. तरीही पाहणीच्या परवानगीत दुभाष्याचा उल्लेख नसतो, म्हणून तो ऐन वेळी गेटवर अडतो. परवानगीचा अर्ज करतानाच दुभाषी सहकाऱ्याचे नाव त्यात घालण्याची पद्धत या भेटीनंतर सुरू झाली.

समोर असलेले पर्याय

पायाची अवस्था पाहता वेळ फार नव्हता. त्या आठवड्यात सिस्टर, मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील आणि मी असे तिघे बसलो आणि काय करता येईल याचा विचार केला.

वर्तमानपत्राकडे जाणे हा पहिला पर्याय कोणीतरी सुचवलाच. त्याने हालचाल लवकर झाली असती यात शंका नाही. पण दोन दिवसांत ती महिला कोण हे कळले असते आणि अभ्यागतांचा प्रवेश अवघड झाला असता. उच्च न्यायालयात याचिका हा दुसरा पर्याय होता. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आले. आमच्या वेळी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता आली असती; १९९३ च्या अधिनियमाने आयोगाला कारागृहांना भेट देण्याचा अधिकार दिला आहे. परंतु नोटीस, उत्तर, प्रत्युत्तर हा क्रम त्या पायाच्या दृष्टीने लांबचा होता.

चौथा पर्याय जामिनाचा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ चे परंतुक, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे, स्त्री, आजारी किंवा अशक्त आरोपीला गंभीर गुन्ह्यातही जामीन देण्याची मुभा न्यायालयाला देते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्री म्हणून आणि कोठडीतील व्यक्ती म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी ती मोफत वकिलाला पात्र होती. हा मार्ग तिच्यापुरता उत्तम होता. मात्र तिच्या शेजारी बसलेल्या, रुग्णालयाची चिठ्ठी हातात असलेल्या इतर महिलांचे त्याने काहीच होणार नव्हते.

पाचवा पर्याय अभ्यागतांच्या नोंदवहीत शेरा लिहिण्याचा. तो सर्वांत साधा आणि सर्वांत निरुपद्रवी समजला जातो. अशा शेऱ्यावर अधीक्षकांचा अभिप्राय घेऊन प्रत वरिष्ठांकडे जाते आणि बहुधा प्रकरण तेथेच संपते. तरीही आम्ही जामीन आणि शेरा असे दोन मार्ग एकदम धरायचे ठरवले: व्यक्तीसाठी न्यायालय आणि व्यवस्थेसाठी नोंदवही. शेऱ्यात नाव घालायचे नाही, "महिला विभागातील मधुमेहाच्या रुग्णांना बाहेरील रुग्णालयात पाठवण्याची शिफारस झाल्यानंतर प्रत्यक्ष पाठवण्यास विलंब होत असल्याचे दिसते" असे लिहायचे, असा निर्णय झाला.

नाव न घालण्याची किंमतही मोजावी लागली, हे सांगितले पाहिजे. शेऱ्यावर आलेले उत्तर तितकेच मोघम होते: रुग्णांना आवश्यकतेनुसार रुग्णालयात पाठवण्यात येते, पोलीस गार्ड उपलब्ध होण्यास कधी कधी विलंब होतो. उत्तरात खोटे काही नव्हते आणि हाती लागण्यासारखेही काही नव्हते.

नोंदवह्या एकमेकींशेजारी ठेवल्यावर

या टप्प्यावर अधिक कडक शेरा लिहावा असे मत होते. सिस्टरांनी वेगळे केले. त्यांनी पुढच्या भेटीत कोणाची तक्रार मांडली नाही. त्यांनी नोंदी पाहायला मागितल्या. मला या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच वाटतो.

रुग्णाला बाहेर पाठवण्याचा प्रवास कागदावर तीन ठिकाणी उमटतो. कारागृहाचे वैद्यकीय अधिकारी बाह्यरुग्ण नोंदवहीत आणि बंद्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे त्याच्या वैयक्तिक नोंदींच्या कागदावर, शिफारस लिहितात. त्यावरून कार्यालयातून पोलीस मुख्यालयाला गार्डच्या मागणीचे पत्र जाते, त्याची नोंद जावक नोंदवहीत होते. गार्ड आला आणि बंदी बाहेर पडली की तिची वेळ गेटच्या नोंदवहीत चढते. तिन्ही नोंदवह्या वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात आणि त्या एकत्र उघडण्याचे काम कोणाचेच नसते. सिस्टरांनी एका साध्या वहीत रकाने आखले आणि महिला विभागातील शिफारशी एकेक करून तिन्ही ठिकाणी शोधल्या.

जे दिसले ते असे. डॉक्टरांची शिफारस वेळेवर होती. गार्डच्या मागणीचे पत्रही बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी गेले होते. पुढे गेटच्या वहीत नोंदच नव्हती, किंवा होती ती कितीतरी उशिराची. मधल्या काळात पुन्हा मागणी केल्याचे पत्र क्वचितच सापडले. म्हणजे पहिल्या दिवशी गार्ड मिळाला नाही की शिफारस तेथेच निजे आणि रुग्णाने पुन्हा तक्रार करून नवी चिठ्ठी मिळवली तरच ती जागी होई. आमच्या रुग्ण महिलेची सर्जरी विभागात दाखवण्याची शिफारस त्याच प्रकारे पडून राहिली होती.

गार्ड न मिळण्याचा काळ पाहिला तर त्यालाही एक चाल होती. आषाढी वारीच्या आधीपासून पालख्या जिल्ह्यातून पुढे सरकत राहतात आणि पंढरपूरच्या बंदोबस्ताला जिल्ह्यातले मनुष्यबळ लागते. कार्तिकीला तेच. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, भाद्रपदात गणेशोत्सव, मध्येच निवडणूक. त्यातही महिला बंदीसोबत महिला पोलीस असणे आवश्यक असल्याने पुरुष बंद्यांसाठी निघणारा गार्ड महिलांच्या कामी येत नसे. न्यायालयाच्या तारखा चुकल्या तर न्यायाधीश जाब विचारतात, म्हणून जो गार्ड मिळे तो आधी कोर्टाकडे जाई. रुग्णालयातल्या तारखेला जाब विचारणारा कोणी नव्हता. यात कोणी दुष्ट होते असे मला वाटत नाही. मागणी करणारे खाते एक, माणसे देणारे खाते दुसरे आणि तपासणारे तिसरे, अशा रचनेत प्रत्येकाची वही आपापल्या जागी बरोबर होती आणि पाय मात्र काळा पडत होता.

येथेच १८९४ च्या अधिनियमातील कलम ३८ उपयोगी पडले. वैद्यकीय अधिकाऱ्याने बंद्याबाबत दिलेले निर्देश दिवसागणिक हिस्ट्री तिकिटावर किंवा ठरवून दिलेल्या नोंदीत चढवावेत आणि प्रत्येक निर्देशाची अंमलबजावणी झाली की नाही, याची तारखेसह नोंद तुरुंगाधिकाऱ्याने करावी, असे ते कलम सांगते. 'झाली नाही' असे लिहिण्याचेही बंधन त्यात आहे, आणि तेच महत्त्वाचे. इंग्रजांच्या काळातील या कायद्यात टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु हे एक कलम नीट पाळले गेले असते तर सिस्टरांना रकाने आखावे लागले नसते. मंडेला नियमांतील २७ वा नियमही हेच दुसऱ्या बाजूने सांगतो: उपचाराचा निर्णय आरोग्य कर्मचाऱ्यांचा असतो, कारागृहातील इतर कर्मचाऱ्यांनी तो बदलू नये वा दुर्लक्षू नये. गार्ड नाही म्हणून शिफारस पडून राहणे हे कोणी मुद्दाम केलेले नसले तरी परिणामी तो निर्णय बदलणेच आहे.

संध्याकाळची भेट

नोंदवह्या पाहताना आणखी एक गोष्ट सापडली होती आणि ती गोंधळात टाकणारी होती. रुग्ण महिलेच्या नावापुढे संध्याकाळच्या इन्सुलिनच्या रकान्यात अनेकदा "रुग्णाने नकार दिला" असे लिहिलेले होते. वाचणाऱ्याला वाटावे की ही बाई स्वतःच औषध घेत नाही, मग जखम कशी भरणार? न्यायालयात हाच कागद तिच्या विरोधात गेला असता.

सिस्टरांच्या भेटी तोवर सकाळच्या असत. त्यांनी एक भेट बराकी कुलूपबंद होण्याआधीच्या वेळेची मागून घेतली. संध्याकाळचे जेवण दिवस मावळण्याआधी वाटले जाते, कारण त्यानंतर बराकीला कुलूप लागते. कंपाउंडर त्याच सुमारास येऊन इन्सुलिन टोचून जात असे. पण बहुतेक महिला ताटातली चपाती-भाजी झाकून ठेवत आणि रात्री आठ-नऊच्या पुढे खात. त्यानंतर सकाळपर्यंत काही मिळणार नसल्याने एवढ्या लवकर जेवून त्यांना रात्र निघत नसे. इन्सुलिन आधी, जेवण तीन-चार तासांनी. मधल्या वेळात साखर उतरे, अंगाला दरदरून घाम येई, हात थरथरत. एकदा तिची शुद्ध हरपायची वेळ आली होती, तेव्हा शेजारणीने कॅन्टीनची बिस्किटे पाण्यात कालवून तिला भरवली. कुलूप लागलेले असल्याने हे कोणत्याही नोंदवहीत आले नाही. त्या रात्रीनंतर तिने संध्याकाळचे इंजेक्शन टाळायला सुरुवात केली आणि ते का टाळते हे तिच्या भाषेत तिला कोणी विचारले नाही.

सिस्टरांनी येथे एक मर्यादा पाळली, ती अनुकरणीय आहे. स्वतः परिचारिका असूनही त्यांनी महिलेला औषधाचा सल्ला दिला नाही. जेवण आणि इंजेक्शन यांच्या प्रत्यक्ष वेळा त्यांनी लिहून काढल्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर ठेवल्या. डॉक्टरांना ही वेळेची तफावत ठाऊक नव्हती. त्यांनी मात्रा आणि वेळ बदलली, आणि मधुमेहाच्या रुग्णांना इंजेक्शनपाठोपाठ खाणे व रात्रीसाठी वेगळा अल्पोपाहार वैद्यकीय आहार म्हणून लिहून दिला. हे त्याच आठवड्यात झाले आणि त्याला कोणाच्या गार्डची गरज पडली नाही.

बैठक आणि कृती

अभ्यागत मंडळाची बैठक लवकर होण्याची चिन्हे नव्हती. म्हणून विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांमार्फत विषय न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीपुढे नेण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने देशातील १३८२ कारागृहांच्या प्रकरणात या समितीच्या बैठका दर तिमाहीला व्हाव्यात असे बजावले आहे. समितीचे मुख्य काम कोणाला सोडता येईल हे पाहण्याचे. २०१८ मध्ये ठरलेल्या तिच्या कार्यपद्धतीत आजारी, विशेष उपचारांची गरज असलेले बंदी हा वेगळा गट आहे. आमच्या दृष्टीने त्याहून मोठी सोय अशी की जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी आणि कारागृह अधीक्षक हे तेथे एकाच टेबलाभोवती बसतात. गार्ड मागणारा आणि गार्ड देणारा दोघेही समोर.

समितीपुढे निनावी तक्ता ठेवला: शिफारशीची तारीख, मागणीची तारीख, बाहेर पडल्याची तारीख. रुग्ण महिलेचे नाव फक्त जामीन अर्जात, न्यायालयापुढे होते. तक्ता पाहून अधीक्षकांचा सूर बचावाचा राहिला नाही. मागणीची पत्रे त्यांच्याच बाजूने बोलत होती. पोलिसांकडूनही एक रास्त अडचण मांडली गेली, ती अशी की रोज एकेका रुग्णासाठी सुटी मागणी येते आणि प्रत्येक वेळी महिला कर्मचारी काढणे मुख्यालयातील राखीव पोलीस निरीक्षकांना शक्य होत नाही. त्यातून आठवड्यातील एक ठरलेला वार महिला रुग्णांसाठी राखण्याचा तोडगा निघाला: त्या दिवशी महिला गार्ड एकदाच येईल, रुग्णालयात बंद्यांना रांगेत आधी घेतले जाईल आणि तातडीच्या रुग्णाला वाराची अट राहणार नाही. आषाढी-कार्तिकीच्या तारखा पंचांगात कितीतरी आधी छापलेल्या असतात. तेव्हा बंदोबस्ताच्या आठवड्यातले रुग्ण आधीच्या आठवड्यात नेण्याचेही ठरले.

न्यायालयातील तारखा अधिकाधिक व्हिडिओ कॉन्फरन्सवर घेऊन गार्ड वाचवावा, अशीही सूचना आली आणि ती अंशतः मान्य झाली. मला त्याविषयी अजूनही धास्ती वाटते. पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावरून न्यायाधीशांना पायाची चिंधी दिसत नाही, आणि कारागृहाबाहेरच्या माणसापुढे प्रत्यक्ष उभे राहण्याची बंद्याची ती एक नेमाची संधी असते.

परिणाम

रुग्ण महिलेला समितीच्या बैठकीआधीच, तातडीचा रुग्ण म्हणून, शासकीय रुग्णालयात नेण्यात आले. पायाचा अंगठा काढावा लागला; पाऊल वाचले. सत्र न्यायालयाने पुढे तिला जामीन मंजूर केला. वेळेत नेले असते तर अंगठाही वाचला असता का, हे ठामपणे सांगता येणार नाही, पण शल्यचिकित्सकांच्या टिपणात विलंबाचा उल्लेख आहे आणि तिच्या मुलीने तो वाचला आहे.

महिला विभागात ठरलेला वार काही महिने चांगला चालला. नंतर निवडणुकीचा बंदोबस्त आला, अधीक्षकांची बदली झाली, त्यापाठोपाठ राखीव निरीक्षकही बदलले, आणि नव्या माणसांना या वाराविषयी कोणी सांगितलेच नव्हते. बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ होती. दोन्ही खात्यांचा संयुक्त लेखी आदेश नव्हता. तो आदेश मिळवण्यासाठी पुन्हा समितीकडे जावे लागले आणि मिळाल्यावर व्यवस्था परत रुळावर आली. इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळेचा बदल मात्र बदल्यांनंतरही टिकला, कारण तो वैद्यकीय आदेश म्हणून हिस्ट्री तिकिटांवर चढला होता.

तक्रारीचा माग काढण्याचा प्रयत्न झाल्याचे आढळले नाही. मध्ये बोलणाऱ्या त्या महिलेनेच पुढे दुसऱ्या एका रुग्ण महिलेची चिठ्ठी पडून असल्याचे सिस्टरांना सांगितले.

वेगळे काय करता येईल

जामीन अर्जासाठी शिफारस पडून राहिल्याचा पुरावा गोळा होईपर्यंत थांबण्याची गरज नसते. मधुमेही रुग्णाच्या पायाला जखम आहे आणि डॉक्टरांनी बाहेर दाखवण्यास सांगितले आहे, एवढ्यावर अर्ज करता येतो आणि न्यायालय वैद्यकीय अहवाल मागवते. तो मागवणेच कित्येकदा गार्ड मिळवून देते. या प्रकरणात अर्ज नोंदवह्या तपासून झाल्यावर दाखल झाला. नाव गुप्त ठेवण्याच्या काळजीपोटी हा क्रम ठरला असला, तरी न्यायालयात जाण्याने कारागृहात वाईट वाटून घेण्याचे प्रमाण शेऱ्यापेक्षा कमी असते, असा माझा अनुभव आहे. वकिलाने अर्ज करणे ही आत नेहमीची गोष्ट मानली जाते.

पाहणीच्या वेळा बदलत्या असाव्यात. जेवणवाटप, बराकी कुलूपबंद होण्याची वेळ, पहाटे कुलूप उघडण्याची वेळ आणि मुलाखतीचा दिवस, या चारही वेळी कारागृह वेगवेगळे दिसते. मंडेला नियमांतील ८४ वा नियम बाह्य निरीक्षकांना पूर्वसूचनेशिवाय भेट देण्याची, नोंदी पाहण्याची आणि कोणाशी बोलायचे हे स्वतः ठरवण्याची मुभा असावी असे सांगतो आणि निरीक्षकांत आरोग्य क्षेत्रातील व्यक्ती असावी असेही सुचवतो. सिस्टर परिचारिका नसत्या तर "रुग्णाने नकार दिला" हा शेरा आम्ही सर्वांनी खरा मानला असता.

तक्रारपेटीविषयीही बोलले पाहिजे. ती होती, कुलूपबंद होती, पण शिपायांच्या खुर्चीशेजारी होती आणि तिच्यावरची सूचना फक्त मराठीत होती. लिहिता न येणाऱ्या महिलेला पेटीचा उपयोग नाही; तिच्यासाठी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या विधी स्वयंसेविकेचा नेमका वार ठरवणे हाच मार्ग आहे. तशी व्यवस्था आता सुरू झाली आहे, कन्नडसाठी माणूस मिळणे बाकी आहे.

सिस्टरांनी आखलेल्या वहीतला नमुना कारागृहाच्या कार्यालयाने काही बदलांसह स्वीकारला. त्यात पाच रकाने आहेत: डॉक्टरांच्या शिफारसीची तारीख, गार्ड मागितल्याची तारीख, गार्ड न मिळाल्यास पुन्हा मागितल्याची तारीख, प्रत्यक्ष रुग्णालयात नेल्याची तारीख आणि रुग्णालयाने दिलेली पुढची तारीख. दर महिन्याला त्याची प्रत विधी सेवा प्राधिकरणाकडे जाते. पुरुष विभागासाठी असा तक्ता ठेवण्याचा प्रस्ताव समितीपुढे आहे. तेथे रुग्ण कितीतरी अधिक असल्याने तो भरणार कोण, या मुद्द्यावर तो अडला आहे.